थिअरी आणि मशीन लर्निंगचे रिसर्च टॉक ऐकायची सुरवात कशी करायची

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली, एमएस्सीची, कधी कधी नोकरी करणारी मुलंमुलीही विचारतात की थिअरीचा, म्हणजे कम्प्युटर सायन्सच्या गणिती बाजूचा, टॉक ऐकायला बसलं की दहाव्या मिनिटाला सगळं डोक्यावरून जायला लागतं, मग ऐकून उपयोग काय? आधी त्याचंच उत्तर देते. डोक्यावरून जाणं अगदी नॉर्मल आहे, आणि ते नवीन लोकांचंच होतं असं नाही, दुसऱ्या सब-एरियातला प्रोफेसर असला तरी शेवटच्या वीस मिनिटांतलं त्याचंही बरंच सुटतं. कारण टॉक ही प्रूफ शिकायची जागाच नाही. प्रूफ पेपरात असतं, ते घरी बसून, कागद-पेन घेऊन, दोन-चार दिवस लावून वाचायचं. टॉकमधून आणायचा तो प्रश्न. म्हणजे नेमकं विचारलंय काय, ते इतकी वर्षं का अडलं होतं, आणि आता काय बदललं. एवढं घेऊन बाहेर पडलात तर तास वसूल. पुढचं सगळं एवढ्यासाठीच आहे.

कुठले टॉक निवडायचे

कॉन्फरन्स टॉकपासून सुरवात करू नका, हे मी सगळ्यांना सांगते. स्टॉक आणि फॉक्स या थिअरीच्या दोन मोठ्या कॉन्फरन्स, लर्निंग थिअरीची कोल्ट, मशीन लर्निंगच्या न्यूरिप्स, आयसीएमएल, आयसीएलआर. इथले टॉक छोटे असतात, आणि समोर बसलेल्यांना मागची दहा वर्षं माहिती आहेत असं धरून स्पीकर बोलतो. न्यूरिप्सला तर बहुतेक पेपरांना टॉक मिळतच नाही, पोस्टर असतं. २०२३ ला तीन हजारांवर पेपर घेतले गेले आणि त्यातून ओरल टॉक मिळाले फक्त ७७. तिथलं चांगलंच असतं, पण ते नंतरसाठी ठेवा.

सुरवातीला काय बघायचं, तर बर्कलीचं सायमन्स इन्स्टिट्यूट. २०१२ ला सुरू झालं, फक्त थिअरी ऑफ कम्प्युटिंगसाठी आहे, आणि तिथले टॉक यूट्यूबवर फुकट आहेत. तिथे एखादा विषय घेऊन सेमिस्टरभराचा प्रोग्राम चालतो आणि त्याच्या अगदी सुरवातीला बूट कॅम्प असतो, म्हणजे दुसऱ्या फील्डमधून आलेल्या रिसर्चरना त्या विषयाची भाषा कळावी म्हणून ठेवलेली लेक्चर्स. नवीन माणसासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. वर्कशॉपचे व्हिडिओही असतात, पण तुम्ही बूट कॅम्प शोधा. २०१७ च्या स्प्रिंगमधला मशीन लर्निंगच्या फाउंडेशन्सवरचा प्रोग्राम घ्या, त्याच्या बूट कॅम्पपासून सुरवात केली तरी चालेल.

दुसरं प्रिन्स्टनचं इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी, म्हणजे आयएएस. त्यांच्या कम्प्युटर सायन्स आणि डिस्क्रीट मॅथच्या सेमिनारमध्ये सोमवारचा टॉक तासाभराचा आणि मंगळवारचा दोन तासांचा अशी पद्धत आहे. दोन तास ऐकून घाबरायला होतं पण शिकणाऱ्यासाठी मंगळवारचाच बरा पडतो, कारण स्पीकरला घाई नसते, लोक मध्ये मध्ये थांबवून विचारतात, आणि लेमा, म्हणजे मोठ्या प्रूफमधली छोटी पायरी, निदान एकदा तरी पूर्ण उलगडला जातो.

लाइव्ह ऐकायचं असेल तर टीसीएस प्लस नावाची ऑनलाइन सिरीज आहे (टाटांच्या कंपनीशी काही संबंध नाही, थिअरेटिकल कम्प्युटर सायन्सचं ते छोटं नाव). साधारण एक आड एक बुधवारी, कॅलिफोर्नियाच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा आणि त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेअकरा. उशीर होतो, पण लाइव्हला प्रश्न विचारता येतो, रेकॉर्डिंगला नाही.

आणि प्रत्यक्ष. मुंबईत असाल तर कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) स्कूल ऑफ टेक्नॉलॉजी अँड कम्प्युटर सायन्सचं सेमिनार कॅलेंडर वेबसाइटवर असतं. तिथले विद्यार्थी एकमेकांसमोर जे सेमिनार देतात ते नवीन माणसाला मोठ्या पाहुण्यांच्या टॉकपेक्षा जास्त पचतात. गेटवर ओळखपत्र लागतं, आणि बाहेरचे असाल तर आधी ऑफिसला मेल टाकून विचारलेलं बरं, अचानक जाऊन उभं राहू नका. पवईला आयआयटी आहे, चेन्नईला सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस), बंगळुरूला आयआयएससी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स), या सगळ्यांकडे थिअरीची माणसं आणि सेमिनार आहेत. दर डिसेंबरला एफएसटीटीसीएस ही आपल्याकडची थिअरीची कॉन्फरन्स होते, १९८१ पासून चालू आहे, २०१९ ला आयआयटी बॉम्बेलाच होती. तिथे मोठ्या पाहुण्यांचे तासाभराचे इन्व्हाइटेड टॉक असतात, ते पकडा, बाकीचे छोटे टॉक जमले तर.

आदल्या दिवशी अर्धा तास

टॉकचा अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे आधी जाहीर केलेला सारांश, आठ-दहा ओळींचा असतो. तो वाचा आणि न कळलेले शब्द खुणा करून ठेवा. सहसा सात-आठ निघतात. सगळे शोधत बसू नका, जे शब्द टायटलमध्येही आहेत तेवढेच, एक किंवा दोन, व्याख्या वहीत उतरवून घ्या. आणि मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, त्या व्याख्येचं सगळ्यात छोटं उदाहरण स्वतःच्या हाताने करा.

म्हणजे कसं ते दाखवते. समजा टॉक हाओ हुआंगच्या २०१९ च्या रिझल्टवर आहे, ज्याने सेन्सिटिव्हिटी कंजेक्चर सुटलं (कंजेक्चर म्हणजे खरं वाटतं पण अजून सिद्ध झालेलं नाही असं विधान). अॅब्स्ट्रॅक्टमध्ये हायपरक्यूब, इंड्यूस्ड सबग्राफ, मॅक्सिमम डिग्री असलं काय काय लिहिलेलं असेल. घाबरू नका, कागदावर साधा क्यूब काढा. आठ कोपरे, प्रत्येकाला तीन बिटांचं नाव द्या, ००० पासून १११ पर्यंत. एक बिट बदलून ज्या कोपऱ्यावर जाता येतं तो शेजारी. आता ०००, ०११, १०१ आणि ११० हे चार निवडा. यातलं कुणीच कुणाचं शेजारी नाही, म्हणजे बरोबर निम्मे कोपरे शेजारी न येता निवडता येतात. आता पाचवा घ्या. कुठलाही घ्या, पहिले चार बदलले तरी चालतील, कुठलेही पाच कोपरे घेतले तरी त्यातल्या कुणाला तरी निवडलेल्यांमधलेच निदान दोन शेजारी मिळणारच. पाच-सहा वेळा वेगवेगळे पाच घेऊन बघा, खरंच तसं होतं. हुआंगचा थिअरम हेच एन डायमेन्शनला म्हणतो, की निम्म्यापेक्षा एक जरी कोपरा जास्त घेतला तर कुणाला तरी निदान एनच्या वर्गमूळाइतके शेजारी मिळतात. नऊ डायमेन्शनला ५१२ कोपरे, त्यातले २५७ घेतले की कुणाला तरी तीन. बस. एवढं घरून करून गेलात की टॉकमधला मुख्य थिअरम तुम्हाला आधीच ओळखीचा असतो, आणि मग स्पीकर जे सांगतो ते डोक्यात कुठेतरी जाऊन बसतं.

क्यूब सापडला नाही तर दोन व्हेरिएबलचं फंक्शन घ्या, तीन टोकांचा ग्राफ घ्या, दोन डेटा पॉइंट घ्या. छोटं उदाहरण नसलेली व्याख्या थिअरीत क्वचितच असते.

टॉक सुरू झाल्यावर

पुढे बसा, बोर्ड दिसेल असं. लॅपटॉप बंद, वही उघडी. स्लाइडचे फोटो काढत बसू नका, स्लाइड नंतर मिळते.

पहिली पंधरा मिनिटं खरी. प्रश्न, तो का हवा, आधी काय माहिती होतं, मुख्य थिअरम, हे सगळं तिथेच येतं. थिअरम बोर्डवर आला की तो शब्दशः उतरवून घ्या, 'प्रत्येक', 'असा एक असतो', 'साठी' या शब्दांसकट, आणि त्याच क्रमाने. हा क्रम चुकला की थिअरम दुसराच होतो. याचं एक फार सुंदर उदाहरण म्हणजे युनिक गेम्स कंजेक्चर, जे आपल्या इचलकरंजीच्या सुभाष खोत यांनी २००२ ला मांडलं आणि ज्या कामासाठी त्यांना २०१४ ला सोलच्या इंटरनॅशनल काँग्रेस ऑफ मॅथेमॅटिशियन्समध्ये नेव्हानलिना प्राइझ, म्हणजे थिअरीतला एक मोठा सन्मान, मिळालं. अॅप्रॉक्झिमेशनच्या, म्हणजे नेमकं उत्तर काढणं कठीण असेल तर जवळचं काढायच्या, बऱ्याच टॉकमध्ये ते येतं, म्हणून नीट सांगते. खूप सारे व्हेरिएबल आहेत, प्रत्येकाला के रंगांपैकी एक द्यायचा. दोन व्हेरिएबलमधली प्रत्येक अट अशी, की एकाचा रंग ठरला की दुसऱ्याचा कुठला हवा ते आपोआप ठरतं. सगळ्याच्या सगळ्या अटी पूर्ण होतात का हे तपासणं सोपं आहे, एकाला रंग द्या, बाकीचे त्याच्यामागून ठरत जातात, नाही जमलं तर पुढचा रंग. पण जवळजवळ सगळ्या अटी पूर्ण करता येतात, की जास्तीत जास्त अगदी थोड्याच, या दोन केसमधला फरक ओळखणं मात्र एनपी-हार्ड, म्हणजे झटपट सुटायची आशा नाही इतकं अवघड, आहे असं कंजेक्चर म्हणतं. आता क्रम बघा. कंजेक्चर असं आहे की 'जवळजवळ' आणि 'थोड्या' साठी कितीही छोटा आकडा घ्या, त्या आकड्यासाठी पुरेसा मोठा के असतो. आधी आकडा, मग के. हेच उलटं लिहिलं, की असा एक ठरावीक के आहे जो सगळ्या आकड्यांना चालतो, तर ते बरोबर असूच शकत नाही, कारण के दहा असेल तर डोळे मिटून रँडम रंग दिले तरी सरासरी दहा टक्के अटी पूर्ण होतात, मग 'एक टक्काही पूर्ण करता येत नाही' अशी केस उरतच नाही. नुसता शब्दांचा क्रम बदलला आणि सगळं कोसळलं. म्हणून उतरवताना क्रम सोडायचा नाही.

त्यानंतरची स्लाइड बहुतेक वेळा आधीच्या कामाची असते, एक टेबल, नावं आणि वर्षं आणि फॉर्म्युले. नवीन लोक इथे ढिले पडतात, नावांचीच यादी आहे म्हणून. उलट इथे कान टवकारायचे, कारण अडलं कुठे होतं ते याच टेबलात असतं. हुआंगच्याच टॉकमध्ये ही स्लाइड असेल तर त्यात दिसेल की १९८८ मध्येच चुंग, फ्युरेडी, ग्रॅहम आणि सेमोर यांनी निम्म्यापेक्षा एक जास्त कोपरे असे निवडून दाखवले होते की कुणालाच एनच्या वर्गमूळाच्या आसपासपेक्षा जास्त शेजारी नाहीत, पण उलट बाजूने, म्हणजे निदान इतके तरी असणारच, हे त्यांना फक्त एनच्या लॉगरिदमच्या हिशोबातच सिद्ध करता आलं. एका बाजूला वर्गमूळ, दुसऱ्या बाजूला लॉग, आणि मधली ही दरी तीस वर्षं तशीच. हे एकदा दिसलं की पुढे वर्गमूळ आल्यावर खोलीतले लोक का खूश होतात ते कळतं.

मग प्रूफ सुरू होतं आणि तुम्ही हरवता. सगळे हरवतात. तेव्हा सुटलेल्या स्टेपच्या मागे लागायचं नाही, ती समजून घेईपर्यंत पुढच्या चार निघून जातात. एसटी चुकली की तिच्या मागे धावत सुटत नाही ना आपण, स्टँडवर थांबून पुढची पकडतो, तसंच. वहीत जिथे सुटलं तिथे रेघ मारून वेळ लिहा, अर्धं पान कोरं सोडा, आणि स्पीकर 'आता दुसरा भाग' म्हणेपर्यंत नुसतं ऐका. जवळजवळ प्रत्येक चांगला स्पीकर पुन्हा वर येतो, मुख्य कल्पना परत एका वाक्यात सांगतो. ते वाक्य पकडायला जागे राहा, बाकी काही नाही पकडलं तरी चालेल.

प्रश्न विचारणं

हे लोकांना सगळ्यात अवघड वाटतं. आपल्याकडे वर्गात प्रश्न विचारला की सर रागावतील नाहीतर मुलं हसतील ही भीती लहानपणापासून बसलेली असते. थिअरीच्या सेमिनारमध्ये वातावरण वेगळं असतं, तिथे लोक मध्येच थांबवतात, तिसऱ्या मिनिटाला थांबवतात, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. छोट्या सेमिनारमध्ये व्याख्येबद्दलचा प्रश्न लगेच विचारा. 'हा के एनवर अवलंबून आहे का?' एवढाच विचारला तरी तो चांगला प्रश्न आहे, आणि बऱ्याचदा खोलीतल्या आणखी चार जणांना तोच हवा असतो. कॉन्फरन्समध्ये मात्र शेवटपर्यंत थांबा, तिथे वेळ मोजलेली असते.

बहुतेक टॉकला चालतील असे प्रश्न मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगते. सगळ्यात छोट्या केसमध्ये हे काय म्हणतं? ही अट काढली तर थिअरम खोटा ठरतो की फक्त प्रूफ चालत नाही? या दोन्हींत खूप फरक आहे आणि स्पीकरला सांगायला आवडतंच. बाउंड टाइट आहे का, म्हणजे याहून चांगलं होऊ शकत नाही असं उदाहरण माहिती आहे का? आणि आधीचे लोक कुठे अडले होते, तुमच्यात नवीन काय आलं? यातला एकच विचारायचा. दोन-तीन मिनिटांचं भाषण करून शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं नाही. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसू नका, समोरचा बऱ्याचदा स्वतःही परक्या भाषेत बोलत असतो. अगदीच धीर होत नसेल तर टॉकनंतर चहाला स्पीकरजवळ जा, वहीतला थिअरम दाखवा आणि विचारा की मी बरोबर उतरवलाय का. याला कुणी नाही म्हणत नाही.

मशीन लर्निंगच्या थिअरीचे टॉक थोडे वेगळे ऐकायचे

इथे नुसता थिअरम बरोबर असून भागत नाही, तो ज्या गोष्टीबद्दल आहे ती खरी नेटवर्क करतात का हेही बघावं लागतं. थोडा इतिहास माहिती असू दे. १९८४ ला व्हॅलियंटने पॅक लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणं कशाला म्हणायचं याची गणिती व्याख्या, मांडलं, मग बरीच वर्षं समज अशी होती की मॉडेलची क्षमता डेटाच्या मानाने मोजकी असेल तरच ते न बघितलेल्या डेटावर चालेल. मग २०१७ च्या आयसीएलआरला झँग, बेंजिओ, हार्ट, रेक्ट आणि विन्याल्स यांचा पेपर आला. त्यांनी सिफार-१० या फोटोंच्या डेटासेटमधल्या ५०,००० ट्रेनिंग फोटोंची लेबलं रँडम करून टाकली, म्हणजे मांजरीला ट्रक, ट्रकला बेडूक, आणि नेहमीचंच नेटवर्क ट्रेन केलं. ट्रेनिंग एरर शून्यावर गेली. म्हणजे निव्वळ गोंधळसुद्धा पाठ करण्याइतकी क्षमता त्या नेटवर्कमध्ये आहे, आणि तरीही खरी लेबलं दिली की तेच नेटवर्क नवीन फोटो बरे ओळखतं. मग नुसती क्षमता मोजून काढलेले जुने बाउंड इथे काहीच सांगत नाहीत. त्यानंतर या विषयावरच्या बऱ्याच टॉकमध्ये हा पेपर पहिल्या पाच स्लाइडमध्ये भेटतो, म्हणून आधीच वाचून ठेवा, वाचायला सोपा आहे.

म्हणून जनरलायझेशन बाउंडच्या, म्हणजे न बघितलेल्या डेटावर चुकांचं प्रमाण (एरर) जास्तीत जास्त किती असेल ते सांगणाऱ्या, टॉकला पहिला प्रश्न हा, की खऱ्या नेटवर्कचे आकडे घातले तर हा बाउंड किती येतो? एररचा बाउंड एकपेक्षा जास्त आला तर त्यातून काहीच कळलं नाही, कारण एरर एकपेक्षा जास्त असूच शकत नाही. झुगाइते आणि रॉय यांनी २०१७ मध्ये पॅक-बेज नावाची पद्धत वापरून एमनिस्टवर (हाताने लिहिलेल्या आकड्यांचा डेटासेट) एकपेक्षा खरंच खाली येणारा बाउंड काढून दाखवला, तेव्हा त्याचं कौतुक झालं ते याचमुळे. दुसरं, अझम्पशन, म्हणजे थिअरमने आधीच धरून चाललेल्या गोष्टी, वहीत वेगळ्या कॉलममध्ये लिहा. नेटवर्कची रुंदी अनंताकडे जाते का, २०१८ च्या न्यूरल टँजंट कर्नलनंतर (अतिशय रुंद नेटवर्क कसं शिकतं ते सांगणारी थिअरी) असे खूप टॉक झाले. लर्निंग रेट अगदी छोटा धरलाय का? डेटा गॉसियन आहे का? थिअरम ट्रेनिंग एररबद्दल आहे की टेस्ट एररबद्दल? हा शेवटचा फरक बोलताना पटकन निसटतो. अझम्पशन आहेत म्हणून टॉक कमी दर्जाचा होत नाही, सगळ्या थिअरीत असतात, फक्त थिअरम कुठपर्यंत पोचतो ते तुम्हाला कळायला हवं. आणि एक्सपेरिमेंटची स्लाइड आली की ग्राफच्या रेषेआधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा.

टॉक संपल्यावर

त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नाही, वही बंद करून कोऱ्या कागदावर लिहा: प्रश्न काय होता, थिअरम काय, मुख्य कल्पना एका वाक्यात. मराठीत लिहिलं तरी चालतं, चालतं काय, जास्त चांगलं, कारण न कळलेला भाग इंग्रजी शब्दांच्या आड लपवता येत नाही. हुआंगच्या टॉकचं माझं वाक्य असं आहे: क्यूबच्या शेजाऱ्यांच्या मॅट्रिक्समध्ये (दोन कोपरे शेजारी असले की एक, नाहीतर शून्य) काही एकांची चिन्हं उलटी करून असं मॅट्रिक्स बनवलं की त्याचा वर्ग केला की एन गुणिले आयडेंटिटी येते, म्हणून आयगेनव्हॅल्यू एनचं वर्गमूळ, निम्म्या अधिक आणि निम्म्या उणे, आणि निम्म्यापेक्षा एक जास्त ओळी ठेवल्या की त्यातली एक अधिकवाली सुटू शकत नाही. एवढ्यावरून पेपर उघडला की पुढचं जमतं, त्यातलं मुख्य प्रूफ दोनेक पानांचंच आहे.

मग वहीतल्या रेघा बघा, जिथे सुटलं होतं तिथे रेकॉर्डिंग त्या वेळेवर नेऊन दोनदा ऐका, आणि एक, फक्त एक लेमा पेपरमधून पूर्ण करा. तरी अडलं तर स्पीकरला मेल करा. छोटा, नेमका, 'अमुक पानावरच्या अमुक ओळीत ही असमानता कशी आली' असा. 'मला तुमचा विषय आवडला, मार्गदर्शन करा' असल्या मेलला उत्तर मिळणं कठीण, पण ओळ नंबरवाल्या मेलला लोक मनापासून उत्तर देतात.

एकट्याने हे टिकत नाही असं बघितलंय, म्हणून दोन-तीन जण गोळा करा, एकाच कॉलेजचे नसले तरी चालेल, पुण्याचा एक आणि नागपूरची एक असं व्हिडिओ कॉलवरही होतं. आठवड्याला एक रेकॉर्डेड टॉक, सगळ्यांनी आधी आपापला बघायचा, मग एकाने वीस मिनिटांत बाकीच्यांना सांगायचा, स्लाइड न वापरता, कागदावर नाहीतर बोर्डवर. बाकीच्यांचं काम मध्ये थांबवून विचारणं. पहिले दोन आठवडे बूट कॅम्पचे टॉक घ्या, तिसऱ्या आठवड्यात हुआंगचा रिझल्ट, कारण तो आख्खा संपवता येतो, आणि चौथ्यात आयएएसचा एखादा मंगळवारचा, अर्धा अर्धा करून. त्यानंतरच्या बुधवारी रात्री जागून टीसीएस प्लसच्या लाइव्ह टॉकला या, वहीचं शेवटचं पान उघडं ठेवून.